छाट

नवी पेठेतून पाव मीटर मॅटी आणली.
दुकानदार म्हणाला, "पोरीच्या शाळेसाठी का?"
मी हो म्हटलं.
पोरगी माझी भिवंडीत, शाळेत तिची पोरगी.
पण बावन्नाव्या वर्षी मलाच फुल्या घालायच्यात
हे सांगायला तोंड झालं नाही.

सुई बोथट. टोचतच नाही.
नेढं मात्र ऐसपैस, चष्म्याशिवायही सापडतं.
शेजारची श्रीनिधी गड्डम शिकवते, कॉलेज सुटल्यावर,
चप्पल काढता काढताच सुरू होते:
"काकू, आधी चौघडी करा.
घड्या जिथं भेटतात तिथनं पहिला टाका."
कोपऱ्यातनं नको?
"कोपऱ्यातनं केलं की चित्र सरकतं."

मधनं सुरू केलेलं मला एक काम आठवेना.
पान कापायचं कडेनं, तंबाखू भरायची कडेनं,
बसायचं ते दाराच्या कडेला,
उजेड तेवढाच येतो म्हणून.

दोरा सहा पदरी. त्यातले दोनच ओढून घ्यायचे.
"आणि गाठ मारायची नाही."
मी हसले.
चौतीस वर्षं, दिवसाला हजार बिड्या,
हजार वेळा दोरा आवळलेली बोटं माझी.
गाठ नाही तर धरणार कोण?
"शेपूट सोडा मागं, इंचभर.
पुढचे टाके त्याच्यावरनं जातात, तेच धरतात."
पुढचे मागच्याला धरतात म्हणे!
आमच्यात तर लेकीच्या खोलीचं भाडं
अजून आम्हीच पाठवतो.

चित्र कुठलं? ती मोर दाखवत होती.
मोर नको, म्हटलं,
मोर सगळ्या चादरींवर बसलेत या गावात,
धुऊन धुऊन मी दमले.
कप घेतला. निळा, एका कानाचा,
बारा घरं रुंद, चौदा घरं उंच.

आधी ओळभर नुसते तिरपे पाय,
मग येताना त्यांच्यावर दुसरे.
वरचा पाय सगळ्यांचा एकाच अंगाला झुकायला हवा,
नाहीतर उजेडात डाग पडल्यासारखं दिसतं.
पहिल्या दिवशी अकरा फुल्या घातल्या,
नऊ उसवल्या.
श्रीनिधी म्हणाली, "अहो राहू द्या की!"

तिला काय माहीत.
चेकर सूप पालथं करतो,
चिमटीत एकेक फिरवतो, तोंडानं फक्त: छाट.
ही सैल, छाट. ही जाड, छाट.
हजारातल्या साठ बाजूला पडतात,
त्यांचे पैसे नाहीत, त्या परतही मिळत नाहीत.
म्हणून सुई वर आली की
हात जरा थांबतो,
कुणी मागं उभं आहे का बघतो.

आज सकाळी आमचे हे रात्रपाळीहून आले,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातनं,
भुवयांवर कापूस तसाच.
"काय करालीस गं?"
लपवायच्या आत कापड हातात घेतलं.
कोपरा ताणला. "विणलंय का जाळी आहे?"
उजेडाला धरलं.
मग उलटं केलं.
माग चालवणारा माणूस
कुठलंही कापड आधी मागनंच बघतो.
मागं तर कोळ्याचं घर,
एका निळ्यातनं दुसऱ्या निळ्यात मारलेल्या उड्या.
मी तो शब्द ऐकायला तयार बसले.

त्यांनी नख टेकवलं.
"सातव्या ओळीत एक पाय उलटा पडलाय."
"माहितीय."
"मग?"
"राहू दे म्हटलं."
ते बघत राहिले, माझ्याकडं नाही, कापडाकडं.
"ते दुसरं निळं कुठं मिळतं?
आमच्याकडं एवढं गडद येत नाही."
आणि आंघोळीला गेले.

कपाचा कान राहिलाय, एकोणीस फुल्या.
पण सूप वाट बघतंय, पानं भिजून मऊ झालीत.
कान संध्याकाळी करीन,
हाताचा तंबाखूचा वास जाईपर्यंत
साबण दोनदा लावून.
मॅटी पांढरी आहे.